डोळ्यातल्या माश्या

रिंगफ्रेमवर काम करणाऱ्याच्या डोळ्यासमोर काही ना काही उडतच असतं. रुई उडते. बारीक, पांढरी, हलकी. केसात बसते, भुवईवर बसते, नाकात जाते, जेवणाच्या डब्यात पडते. आठ तास चात्या गरागरा फिरत असतात आणि आठ तास आम्ही त्यांच्या मधल्या गल्लीतून फिरत असतो. धागा तुटला की सांधायचा. पुन्हा तुटला, पुन्हा सांधायचा. धागा किती बारीक असतो ते हातात धरल्याशिवाय कळत नाही. तो डोळ्यानं शोधायचा आणि बोटानं पकडायचा. म्हणजे आमची भाकरी डोळ्यावर आहे आणि बोटांवर आहे.

तर असा तो काळा ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तो हातानं झटकला. रुईच असणार, दुसरं काय. झटकला तरी तिथंच. रुमालानं डोळा पुसला, नळावर जाऊन पाण्याचे हबके मारले. परत आलो तर ठिपका हजर. त्याच्याकडं नीट बघायला गेलो की पळतो. नजर वर नेली की वर, खाली आणली की मागोमाग खाली. बघायचं सोडून दिलं की हळूहळू घरंगळत खाली येतो आणि निवांत बसतो. माझी फजिती बघून बाजूच्या फ्रेमवरचा गडी म्हणाला, "काय रं, माश्या मारायलास काय?"

गोष्ट २०२३ सालच्या फेब्रुवारीतली. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो.

रविवारी सुट्टीला पंचगंगेच्या कडेला जाऊन बसलो. वर स्वच्छ आभाळ. तिथं मला तो पुरता दिसला. एक नव्हता. एक गोल ठिपका, त्याला लागून तुटक्या धाग्यासारखी एक वाकडी रेघ, आणि बाजूला दोन-चार बारीक मणी. एवढ्या निळ्या आभाळाला डाग पडलेला. अंगावर काटा आला. मनात एकच विचार: डोळा गेला तर?

आता हे सांगायला पाहिजे की मी शाळेत नववीपर्यंतच गेलो. पुढचं जे काही शिकलो ते विहारातल्या कपाटातून, रद्दीवाल्याच्या दुकानातून आणि दुसऱ्या पाळीहून आल्यावर रात्री दीडला दिवा लावून. चष्मा चौथीपासून. आता नंबर वजा साडेपाच. गिरणीला माझे डोळे लागतात आणि मला माझे डोळे लागतात. गिरणीचं सोडा, दुसरा कुणी येईल फ्रेमवर. पण मी वाचू शकलो नाही तर मी कोण उरतो?

बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचलेलं डोक्यात फिरायला लागलं. मधुमेहानं शरीर पोखरलेलं. नजर अधू झालेली. तरी माणूस लिहीत होता, वाचत होता, अगदी ६ डिसेंबर १९५६ पर्यंत. धम्मावरचा त्यांचा ग्रंथ १९५७ साली छापून आला तेव्हा तो बघायला ते नव्हते. आमच्या पोरांना त्यांचा कोट पाठ, चष्मा पाठ. त्या चष्म्यामागचे डोळे किती थकले होते ते कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आठवली. माझा पणजा मुंबईला गिरणीत होता असं घरात सांगतात. सूतकताईच्या खात्यात. विणकामाच्या खात्यात त्याला पाय टाकता आला नाही, कारण तिथं पगार जास्त आणि तिथं सवर्ण. निमित्त काय सांगायचे? धोट्यात नवी कांडी घातली की धागा धोट्याच्या बारक्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. धाग्याला थुंकी लागायची. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा! झालं. एवढ्या एका भोकातून आमच्या हजारो माणसांची भाकरी अडवली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड्यावर मांडला तेव्हा कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांची पंचाईत झाली. पुढं १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पणजाचा वंश आता इचलकरंजीच्या बाजूला सूत काततो. मी फ्रेमवर, आणि माझी आय यंत्रमागाच्या एका शेडमध्ये कांड्या भरते. पणजाला ज्या धोट्याला शिवू दिलं नाही, त्या धोट्यात आज माझ्या आयनं भरलेली कांडी बसते. मला याचा लई अभिमान. मी कवितेत लिहिलंय ते.

पण कांडी भरणाऱ्या बाईचे डोळे कसे आहेत, हे मी लिहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

मार्चमध्ये एकदा भाकरी करताना आय म्हणाली, "माझ्या बी डोळ्याम्होरं माश्या फिरत्यात रं. काळ्या."

मी वहीत डोकं घालून बसलो होतो. म्हणालो, "मलाबी दिसत्यात. रुई आसंल. कामाचं हाय ते."

ती गप झाली. तिला काम सांगायला नको. तिला काम माहीत होतं.

शेजारची म्हातारी म्हणाली, नजर लागली असेल, मीठमोहरी उतरून टाक. दुसरी म्हणाली डोळ्यात मध घाल. आयनं दोघींना हात जोडले. आमच्या घरात गंडादोरा नाही, उतारा नाही. ते सगळं आज्यानं १९५६ नंतर नदीत सोडलं. आय शाळेत गेली नाही, पण भोंदूला दारात उभं करत नाही. तेवढ्यात तिचा आणि माझा धर्म एक. फरक एवढाच की अंधश्रद्धा नाकारली म्हणजे आपण सुटलो असं आम्हाला वाटलं. मीठमोहरी केली नाही, बरोबर. पण मग डॉक्टर तरी कुठं केला? एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची हजेरी गेली. कांडीवालीला कार्ड नाही, रजा नाही, फंड नाही. भरलेल्या कांड्यांचे पैसे. डोळा दाखवायला गेलं तर कांडी कोण भरणार?

मी मात्र गेलो. भीती माझी होती ना! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्रपाळी संपवून एका धर्मादाय दवाखान्यात रांगेला उभा राहिलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. डोळ्यात थेंब घातले, अर्धा-पाऊण तास बाकावर बसवलं. बाहुल्या मोठ्या झाल्या, सगळं धुरकट झालं, उजेड सोसेना. मग कपाळावर दिवा बांधून त्यांनी भिंग धरून आत बघितलं. वर बघा, खाली बघा, डावीकडं, उजवीकडं. सगळे कोपरे. डोळ्याला पण कोपरे असतात हे मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, "म्याडम, रुई आत गेली काय?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रुई डोळ्याच्या आत जाऊ शकत नाही. हे बाहेरचं नाही, आतलंच आहे." आणि कागदावर गोल काढून समजावलं. ते मी इथं मुद्दाम सांगतो, कारण हे आपल्या वस्तीत कुणी सांगत नाही.

डोळा म्हणजे एक चेंडू. त्याच्या पोकळीत पारदर्शक गर भरलेला असतो, खळीसारखा. त्यातलं जवळजवळ सगळं पाणीच, आणि त्यात न दिसणारे अतिशय बारीक तंतू. चेंडूच्या मागच्या भिंतीला आतून एक नाजूक पडदा चिकटलेला. उजेड पुढून येतो, गरातून जातो, पडद्यावर पडतो, तेव्हा आपल्याला दिसतं. वय वाढतं तसा गर पातळ होतो आणि तंतूंची गुठळी होते. जाड मायनस नंबरवाल्यांचं हे लवकर होतं. त्या गुठळीची सावली पडद्यावर पडते. म्हणजे मला दिसत होता तो ठिपका नव्हता, ठिपक्याची सावली होती. डोळा हलला की गर हिंदकळतो, सावली हलते. म्हणून बघायला गेलं की पळते. आभाळाकडं किंवा पांढऱ्या भिंतीकडं बघितलं की ठळक दिसते. अंधारात दिसत नाही. बहुतेकांच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही. औषध नाही, लागत पण नाही. मेंदू हळूहळू तिकडं लक्ष द्यायचं सोडून देतो.

"तुमचा पडदा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एकदम पुष्कळ नवे ठिपके आले, काजळी उधळल्यासारखे. डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली आली. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. दुखणार नाही, म्हणून थांबायचं नाही."

मी मान हलवली. बाहेर आलो. उन्हानं डोळे फुटायची पाळी. पण मन हलकं झालं होतं. आणि सायकल ढकलत जाताना डोक्यात एक ओळ वाजायला लागली: डाग आभाळाला नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

अरे, हे तर आपलंच! गेल्या वर्षी खोली बघायला गेलो होतो. मालकानं आधी चहा विचारला, मग आडनाव विचारलं, मग खोली दुसऱ्याला दिली असल्याचं त्याला आठवलं. त्याला माझ्यात काय दिसलं? माझ्या अंगावर तर काहीच नव्हतं. जे होतं ते त्याच्या डोळ्यात होतं. हजारो वर्षं साकळलेली गुठळी. तिची सावली माझ्या तोंडावर पाडायची आणि म्हणायचं, तूच काळा. आम्ही जिथं जाऊ तिथं ती सावली आमच्या अगोदर हजर. शाळेत, पाणवठ्यावर, भाड्याच्या खोलीत, फ्रेमवर.

त्याच रात्री कविता लिहिली. मित्रांना वाचून दाखवली. सगळे म्हणाले, जयंतीला हीच म्हण.

त्या आठवड्यात आयनं पुन्हा सांगितलं. मला आता शब्द न शब्द आठवतो. मी वहीत एक ओळ खोडत होतो. ती म्हणाली, "आंधारात डोळा हलीवला की कडंला इज चमकत्या. आन माश्या लई झाल्यात."

मी म्हणालो, "हूं."

दोस्तांनो, मी 'हूं' म्हणालो. चार दिवसांपूर्वी एका शिकलेल्या बाईनं मला तीन गोष्टी मोजून सांगितल्या होत्या. त्यातल्या दोन माझ्या आयनं चुलीपुढं बसून मला सांगितल्या. मला त्या ऐकू आल्या नाहीत. डॉक्टरचं बोलणं म्हणजे ज्ञान, आयचं बोलणं म्हणजे कुरकुर. हे मला कुणी शिकवलं? मनूनं की मीच मला?

१४ एप्रिलला विहारासमोर मांडव. निळे झेंडे, वरच्या पट्टीतला लाऊडस्पीकर. मी कविता म्हटली. टाळ्या पडल्या. 'बघणाऱ्याच्या डोळ्यात' ही ओळ लोकांनी पुन्हा म्हणायला लावली. आय बायांच्या रांगेत दुसरी. ती मान वाकडी करून बघत होती. मान डावीकडं वळवून, उजवा डोळा पुढं करून. मला वाटलं, पोराच्या कौतुकानं मान कलली असेल.

रात्री घरी आल्यावर ती पाण्याचा तांब्या घ्यायला गेली आणि तिचा हात तांब्याच्या बाजूनं गेला. मी बघितलं.

"काय गं?"

"काय न्हाई. डाव्या डोळ्यावर कालपासनं पडदा वढल्यावानी झालंय. बाजूनं आलाय, मधी सरकतोय. दुखत न्हाई म्हून म्हनलं, जयंती हू दे."

जयंती हू दे.

मला त्या कागदावर काढलेला गोल दिसला. कपाळावरचा दिवा दिसला. माझी टाळ्या खाल्लेली ओळ दिसली आणि तिची मला शिसारी आली. डाग बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो हे मी माइकवर ओरडून सांगत होतो, आणि माझ्या समोर माझ्या आयच्या डोळ्यात पडदा पडत होता. माझ्या डोळ्यावर कसला पडदा होता?

पहाटेची पहिली एसटी धरून कोल्हापूरला गेलो. त्या दिवसाचा माझा खाडा पडला, तिचाही पडला. तिथं तेच थेंब, तोच दिवा, तेच कोपरे. डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडून पडदा सुटलाय. म्हणजे काय? वयानं गर आकसतो, मागच्या पडद्यापासून सुटतो. बहुतेकांचा नीट सुटतो. काहींचा सुटताना पडदा ओढतो. ती ओढ म्हणजे ती वीज. ओढ जास्त झाली की पडदा फाटतो. मग फाटक्या जागेतून पाणी पडद्यामागं जातं आणि पावसानं भिंतीचा गिलावा सुटावा तसा पडदा भिंतीपासून सुटत जातो. नुसता फाटलेला असतो तेव्हा लेसरनं कडा चिकटवता येतात. सुटल्यावर मोठं ऑपरेशन. आणि मधला भाग, ज्यानं आपण धागा बघतो, अक्षर बघतो, तोंड ओळखतो, तो सुटला तर ऑपरेशननंतरही पहिल्यासारखी नजर येईलच असं नाही.

आयचा मधला भाग त्याच सकाळी सुटत आला होता. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वीज चमकत होती तेव्हाच यायला पाहिजे होतं."

मी खाली बघितलं. आय म्हणाली, "त्येला ठावं न्हवतं."

मला ठावं होतं. ते मी तिथं बोललो नाही. इथं बोलतोय.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. आतला गर काढून पडदा बसवला आणि तो दाबून धरायला डोळ्यात वायू भरला. मग आठवडाभर दिवसरात्र मान खाली. पालथं झोपायचं, खाली मान घालून जेवायचं. आय म्हणाली, "जल्मभर मान खाली घालूनच कांड्या भरल्या. ह्यात काय नवीन?" आणि हसली. माझ्या घशात आवंढा आला.

पैसे कसे उभे केले ते लांबवत नाही. विहारातल्या पोरांनी वर्गणी काढली. जॉबरनं उसने दिले. तो आमच्यातला नाही. हेही सांगितलं पाहिजे, कारण गुठळी सगळ्यांच्याच डोळ्यात सारखी नसते.

वायू हळूहळू विरला. आय म्हणायची, डोळ्यात पाण्याची पातळी दिसते, कळशीतल्यासारखी, रोज थोडी खाली जाते. पातळी गेली. बाजूचं दिसायला लागलं. मधलं अंधुक राहिलं. त्या डोळ्यानं ती माझी बोटं मोजते, तोंड ओळखते. बारीक धागा दिसत नाही. सरळ रेघ वाकडी दिसते. तपासताना उजव्या डोळ्याच्या पडद्यावरही एक कच्ची जागा सापडली. तिथं वेळेत लेसर केलं. तो डोळा शाबूत आहे. आता त्याच्यावरच ती कांड्या भरते, पहिल्यापेक्षा कमी.

मी ही कथा रडगाणं म्हणून लिहीत नाही. रडगाणं लिहायला सोपं असतं.

आपण विहारात धम्मवंदना म्हणतो. त्यात एक शब्द येतो, एहिपस्सिको. ये आणि पाहा. मी तो लहानपणापासून म्हणतोय. ये आणि पाहा म्हणजे सांगितलं म्हणून मानू नको, स्वतः तपास. आपण देव तपासला, पोथी तपासली, गावकूस तपासलं. पण घरातली बाई एक वाक्य बोलते ते तपासायला आपल्याला वेळ नसतो. मोर्चाला वेळ असतो, अंकाला वेळ असतो. ती दुखलं म्हणत नाही म्हणून आपण धरून चालतो की दुखत नाही. डोळ्याचा पडदा सुटतो तेव्हाही दुखत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला दोन कामं सांगतो.

एक. तुला ठिपके दिसत असतील तर घाबरू नको आणि झटकूही नको. एक डोळा झाक, मग दुसरा झाक, पांढऱ्या भिंतीकडं बघ. कुठल्या डोळ्यात आहेत, किती आहेत, ध्यानात ठेव. जुने, तेवढेच असतील तर सवडीनं एकदा थेंब घालून डोळा तपासून घे. नवे असतील, एकदम वाढले असतील, वीज चमकत असेल, सावली सरकत असेल, तर कांडी राहू दे, फ्रेम राहू दे, जयंतीसुद्धा राहू दे. त्याच दिवशी जा. मध नको, गुलाबपाणी नको, उद्या नको. घरात साखरेचा आजार असेल तर ठिपके यायची वाट बघू नको, दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घे.

दोन. आज घरी गेलास की आयला विचार, बहिणीला विचार, बायकोला विचार. डोळ्यासमोर काय दिसतं गं? आणि ती सांगत असताना वही मिट.

माझे ठिपके अजून आहेत. ही ओळ लिहिताना कागदावर एक तरंगतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मेंदू लक्ष द्यायचं सोडून देईल. बहुतेक वेळ तसंच होतं. पण आय मान वाकडी करून तांब्या शोधते तेव्हा तो मला बरोबर दिसतो. दिसू दे.

ती कविता मी फाडली नाही. ती खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेली अर्धी ही.

जयभीम.